पाठीवरचं नाव

आमच्याकडे या आजाराचं नाव कुणी घेत नाही. "त्यांना ते झालंय," असं म्हणतात, आणि "ते" म्हणताना आवाज खाली आणतात. मला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं त्या दिवशी मी ठरवलं होतं की आपण असलं काही करायचं नाही. मी अलिबागला शाळेत विज्ञान शिकवते, पेशी म्हणजे काय ते फळ्यावर आकृती काढून समजावते. मीच कुजबुजायला लागले तर पोरांनी काय शिकायचं? म्हणून पहिल्या दोघींना स्वच्छ नाव घेऊन सांगितलं. एकीने दुसऱ्या दिवसापासून गव्हांकुराचा रस आणायला सुरुवात केली आणि मी तो संपवते की नाही हे बघायला समोर ठाण मांडून बसायला लागली. दुसरी माझ्या नवऱ्याकडे इतक्या कळवळ्याने बघायची की तिने त्याच्यासाठी स्थळं शोधायला घेतली असावीत असं मला वाटायचं. तिसऱ्या माणसापासून मी "छोटंसं ऑपरेशन झालं" म्हणायला लागले. माझा ताठा एवढाच टिकला.

आईला तर काहीच सांगितलं नाही.

आई दिघीच्या पुढे, खाडी ओलांडून चढ चढलं की लागणाऱ्या आमच्या गावात एकटी राहते. भातशेती आता वाट्याने लावलेली, परसात भाजी, दारात तुळस, आणि दिवसभर अंगणातून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका. माझ्या वडलांना घशाचा कॅन्सर झाला होता. घरात सगळं तिनेच केलं, पेज गाळून भरवण्यापासून सगळं. अगदी शेवटी त्यांना मुंबईला हलवलं तेव्हा ती भात कापणीसाठी मागे राहिली होती. तिला फोन गेला की त्यांना आता बरं वाटतंय, तू ये. ती नवं लुगडं नेसून, त्यांच्यासाठी खिमटीचे तांदूळ घेऊन गेली, आणि पोचली तेव्हा त्यांना खाली उतरवून ठेवलेलं होतं. आमच्याकडे ही रीतच आहे. मेल्याची बातमी वाटेत कुणी देत नाही. माणूस घरी पोचेपर्यंत त्याला "तब्येत जरा बरी नाही" किंवा "बरं आहे, ये" असंच सांगत आणतात.

हे सगळं तिने एकदा पाहिलंय, पुन्हा तिच्या वाट्याला नको, असं मी नवऱ्याला आणि भावाला बजावलं. दोघेही तोंड मिटून बसले. मग सुरू झाल्या माझ्या थापा. शाळेचं काम, निवडणुकीची ड्युटी, गुडघा. गौरीला माहेरी गेले नाही तेव्हा आई फोनवर गप्प झाली आणि मला त्या दिवशी औषधापेक्षा ते गप्प होणं जास्त लागलं. दिवाळीपर्यंत डोक्यावर पेरभर केस उगवले होते, आता तोंड दाखवायला हरकत नव्हती, पण लांब वेणीचं काय झालं हे सांगायला हवंच होतं. गावी गेल्यावर मी म्हटलं, "तिरुपतीला दिले."

"सवाष्ण बाय क्यास देते व्हय?" आई कपाळाला हात लावून म्हणाली.

"नवस होता."

"कसला नवस?"

नवस कसला ते मी ठरवलं नव्हतं. नवरा पटकन म्हणाला, "माझ्या बदलीचा." त्याची बदली झालेली नव्हती, तो सतरा वर्षं अलिबागच्या वीज कार्यालयात त्याच टेबलाला चिकटून आहे. पण आईने विश्वास ठेवला आणि वर गावभर सांगितलं. शेजारच्या बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवून तो स्वतःच्या कपाळाला लावू लागल्या. प्रसादाचा लाडू मागायला लागल्या तेव्हा नवऱ्याने बाजारातल्या मिठाईवाल्याचे बुंदीचे लाडू साध्या खोक्यात भरून आणले. आईने एक फोडून नाकाशी नेला. "कापराचा वास न्हाय ह्याला," एवढंच म्हणाली आणि खाल्ला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही दाबायचं म्हणजे फार कष्ट पडतात.

सायकलचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं ते याच काळात. मला सलाईनमधून औषध चढायचं तेव्हा तो खुर्चीत बसून असायचा. घरी आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून झोपायची, तेव्हाही खुर्चीत. मग एक दिवस तो कुणाची तरी जुनी सायकल घेऊन आला आणि पहाटे किनाऱ्याच्या रस्त्याने चकरा मारू लागला. टेबलाचं पोट आणि सायकलची बारीक गादी यांचं जमायला वेळ लागला. पहिला आठवडा तो उभ्यानेच जेवत होता.

एके दिवशी येऊन म्हणाला, "कॅन्सरच्या संशोधनासाठी सायकल फेरी आहे. मांडव्याहून निघायचं, एक मुक्काम मुरुडला, आणि दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर. ओळखीपाळखीच्यांकडून मदत गोळा करायची, ती सगळी संशोधनाला जाते. मी नाव दिलंय."

मी भडकले. "माझ्या आजारावर तुम्ही व्यायाम करणार? आणि लोकांपुढे झोळी पसरणार?"

तो म्हणाला, "तुला औषध चढत होतं तेव्हा मी नुसता बसून होतो. मला आता बसवत नाही गं."

माणूस इतकं सरळ बोलला की माझ्यासारखीची पंचाईत होते. शिवाय मी विज्ञान शिकवते. जे औषध माझ्या शिरेतून गेलं ते काही आभाळातून पडलं नव्हतं. कुणीतरी कुठेतरी ते वर्षानुवर्षं शोधलं होतं, आणि त्या शोधण्याला माझं तोंडही न पाहिलेल्या कुणीतरी खिशात हात घातला होता. त्या अनोळखी माणसांपुढे कुणी झोळी पसरली नसती तर मी आज तुम्हाला हे सांगायला बसले नसते. मी म्हटलं, "जा. पण हेल्मेट घाला, आणि उतारावर शहाणपणा करू नका."

या फेरीत प्रत्येकाच्या पाठीवर एक पांढरं फडकं टाचायचं असतं. वर छापलेलं "यांच्यासाठी", आणि खाली मोठ्या अक्षरांत ज्याच्यासाठी सायकल चालवायची त्याचं नाव. नवऱ्याला अर्थातच माझं नाव हवं होतं. मी म्हटलं, फोटो निघणार, ते फिरत फिरत शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर येणार, आणि सोमवारी अर्धा वर्ग माझ्याकडे डोळे भरून बघणार. नको. मग त्याच्या डोक्यातून तोड निघाली. लग्नात माझं नाव बदललं होतं. अलिबागेत मला ओळखतात ते सासरच्या नावाने, माहेरचं नाव तिथे कुणाला ठाऊकही नाही. तो म्हणाला, "माहेरचं नाव लिहितो. तू ती तूच, आणि कळणार कुणालाच नाही." मला ती युक्ती फार आवडली. दोन शिकली-सवरलेली माणसं आपल्या हुशारीवर खूश होऊन त्या रात्री शांत झोपली.

फडकी छापून आली आणि मग कळलं की दुसऱ्या दिवशीचा नाश्त्याचा थांबा माझ्या आईच्या गावात ठेवलाय. तिथल्या बचत गटाच्या बायका घावनं आणि कोकम सरबत देणार होत्या. थांबा शाळेच्या मैदानावर, म्हणजे आईच्या अंगणासमोर. माझं माहेरचं नाव वाचून ओळखणारं जगात जे एक गाव, नेमकं तेच.

"नवीन फडकं मागा," मी म्हटलं. पण ते लोक एवढे गडबडीत होते की त्याला मागायची लाज वाटली. शेवटी ठरलं असं, की खाडी ओलांडायच्या तरीवर, म्हणजे बोटीवर, चढताना त्याने फडक्यावर विंडचीटर घालायचं आणि गाव मागे पडेपर्यंत काढायचं नाही. आईचा फोन त्या सुमारास बिघडून दुकानात पडला होता, आठ-दहा दिवस आमचं बोलणं नव्हतं. नवऱ्याने शेजारणीच्या फोनवर निरोप ठेवला की मी सायकलवरून येतोय, ही मागून गाडीने येतेय.

फेरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी मुरुडहून आगरदांड्याला आलो. मी मदतीच्या गाडीत होते, केळ्यांचे घड, पाण्याचे बाटले आणि सायकलच्या ट्यूबा यांच्या मधोमध. तरीवर सायकली चढल्या आणि ती भरली. आमची गाडी पुढच्या फेरीला राहिली. नवरा विंडचीटर गळ्यापर्यंत बंद करून कठड्याशी उभा होता, ऊन चढलेलं, चेहरा लालबुंद. मी धक्क्यावरून त्याला खूण केली की काढायचं नाही. त्याने मान हलवली. तरी दिघीकडे गेली आणि मी एक केळं सोललं.

पुढचं मी पाहिलं नाही. नवऱ्याकडून आणि गावातल्या बायकांकडून जे कळलं ते सांगते.

सायकलवाले चढ चढून गावात येऊ लागले तेव्हा आई अंगणाच्या कडेला पाण्याची कळशी घेऊन उभी होती. उन्हातून आलेल्याच्या हातापायांवर पाणी घालायचं हे तिचं ठरलेलं. पहिल्यांदा एक शहरातली पोरगी आली. ती पाणी घ्यायला वाकली तेव्हा आईला पाठीवरचं नाव दिसलं. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे, अक्षरं लावत मोठ्याने वाचते. तिने नाव वाचलं आणि विचारलं, "कोन गो ही?"

"माझी आई," पोरगी म्हणाली. "मागच्या पावसात गेली."

आईने कळशी खाली ठेवली आणि त्या पाठीला हात जोडले. मग एक दाढीवाला गृहस्थ आला, त्याच्या पाठीवर मित्राचं नाव. तोही गेलेला. मग भावाचं नाव घेऊन आलेला एक जण. आईने विचारलं, "आता इथनं खयं जानार तुमी समदी?" ते म्हणाले, हरिहरेश्वरला.

त्या मुंबईच्या आयोजकांनी हरिहरेश्वर निवडलं ते किनाऱ्यासाठी, हॉटेलं बरी आहेत म्हणून, आणि शेवटी समुद्रात डुंबता येतं म्हणून. आमच्या भागातला माणूस हरिहरेश्वरला कशाला जातो हे त्यांना कोण सांगणार? दर्शनाला जातोच, पण घरातलं कुणी गेलं की पिंडदानाला तिथेच जायचं असतं. आईच्या मनात सगळं बरोबर जुळलं. ही माणसं आपापली मेलेली माणसं पाठीवर घेऊन हरेश्वराला पोचवायला निघाली आहेत. तिला ते फार आवडलं म्हणे. शेजारणीला म्हणाली, "शहरातली असून रीत पाळतात, बघ." आणि मग तिने दारच्या तुळशीची पानं खुडली आणि येईल त्याच्या हातावर एकेक ठेवू लागली. सायकलवाल्यांना वाटलं हा इथला पाहुणचार. ते पान तोंडात टाकून थँक्यू म्हणत होते.

आणि मग आमचा जावई आला, घामाने निथळत, विंडचीटरात.

"ह्यो कोट कशाला या उनाचा?" आई म्हणाली. "काढा, पाठ पुसते."

"असू दे आई."

"असू दे काय? भिजलाव किती. छातीत सर्दी व्हील." आणि तिने चेन ओढली. आता सासूने स्वतःच्या हाताने पाठ पुसायला घेतली तर आमच्याकडचा कुठला जावई नाही म्हणेल? तो एका बाहीतून सुटायला आणि दुसरीत अडकायला एकच गाठ पडली. विंडचीटर तिच्या हातात आलं आणि त्याची पाठ तिच्यासमोर.

तिने ते नाव अक्षर लावत वाचलं नाही. ते तिनेच ठेवलेलं होतं.

बायका सांगतात की ती ओरडली नाही, रडली नाही. टॉवेल हातात तसाच धरून पायरीवर बसली. नवरा खाली वाकून म्हणत होता, "आई, आहे ती. मागच्या तरीने येतेय. आत्ता येईल." आणि ती मान हलवत होती. "व्हय. येल ना. आमाला बी असाच सांगितलेला. बरा हाय, ये म्हनून." त्याने मला फोन लावला, पण खाडीवर रेंज कधी असते? तो जितक्या वेळा "येतेय" म्हणाला तितकी तिची खात्री पटत गेली. आठ-दहा दिवस फोन नाही, गौरीला आली नाही, केस गेले ते तिरुपतीला, जावई एकटाच आलाय आणि निघालाय हरेश्वराला. मी वर्षभर रचलेली प्रत्येक थाप आता उलटी फिरून साक्षीला उभी राहिली होती. गटाच्या बायकांनी तवे उतरवले. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "कधी झालं?" आणि माझा नवरा, जो स्वतःच्या वडलांच्या जाण्यालाही रडला नव्हता, तो तिथे मैदानावर रडायला लागला. झालं, उरलीसुरली शंकाही मिटली.

आमची गाडी चढ चढून आली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं ते हे, की घावनांच्या थांब्यावर कुणी खात नाहीये. मग अंगणात बायकांचा घोळका दिसला. मला वाटलं आईला काही झालं. मी गाडी पुरती थांबायच्या आत उतरून पळत सुटले. घोळका फुटला. शेजारणीने मला बघून किंकाळी फोडली. आईने मान वर केली.

ती उठली, माझ्यासमोर आली. माझ्या दोन्ही दंडांना हात लावून चाचपलं. मग कानाखाली अशी मारली की माझा चष्मा तुळशीत जाऊन पडला.

"जिती हायस?" ती म्हणाली. "जिती हायस तर त्याच्या पाठीवर काय करतेस?"

मी बावन्न वर्षांची आहे. शाळेत माझ्या नुसत्या खाकरण्याने वर्ग शांत होतो. मी सगळ्या गावासमोर गाल धरून उभी राहिले आणि म्हणाले, "आये, मला कॅन्सर झाला होता." नाव घेऊन, मोठ्याने.

"कधी?"

"गेल्या वर्षी. ऑपरेशन झालं. औषधं झाली. आता बरं आहे."

"बरा हाय," ती म्हणाली. "मी इकडं भोपल्याचा येल लावत व्हते आनि तू तिकडं कापून घेत व्हतीस. कोन व्हता तुझ्यापाशी?"

"हे होते."

"आनि मी मेलेली व्हय?"

"बाबांच्या वेळी तू इतकं सोसलंस, म्हटलं पुन्हा नको तुला…"

"तुला कोनी सांगितला मी सोसला?" आता तिचा आवाज चढला. "त्याला भरवत व्हते, पुसत व्हते, रात ना दिस. मला करायाला काय तरी व्हता. त्याचा मला दुख न्हाय. सेवटाला मला नेला न्हाय, खोटा सांगून आनला, त्याचा दुख हाय. आनि तू पन तेच केलास. पोटची पोर असून."

मला वाटत होतं मी तिला वाचवतेय. तिने कधी वाचवायला सांगितलंच नव्हतं. मी तिथे उभी राहून नुसती "चुकलं, आये" म्हणत राहिले आणि ती "चूप" म्हणत राहिली. मग तिने मला धरलं, आणि इतकं घट्ट धरलं की ऑपरेशनच्या बाजूला कळ आली. मी सोडवून घेतलं नाही.

एव्हाना गटातल्या एका म्हातारीने निकाल दिला होता की मेल्याची खोटी बातमी आली म्हणजे आयुष्य वाढतं, हिचं आता चांगलं वीस वर्षांनी वाढलं. तवे पुन्हा चढले. सायकलवाले बिचारे अपराध्यासारखे उभे होते, त्यांना निम्मं कळलं होतं आणि निम्मं नाही. पहिल्यांदा आलेली ती पोरगी एका बाजूला डोळे पुसत होती. आईच तिच्याकडे गेली, तिच्या पाठीवरच्या फडक्याची निघालेली एक पिन नीट लावली आणि म्हणाली, "तू जा, बाय. तुझ्या आयशीला नीट पोचव."

मग ती माझ्या नवऱ्याकडे वळली. "वला पाठ."

तो वळला. तिने चारही पिना एकेक करून काढल्या, फडकं घडी केलं आणि कमरेला खोचलं. "ह्ये नाव हरेश्वराला न्हाय जायाचा. मी हाय तवर न्हाय."

"अहो आई, तो नियम आहे त्यांचा."

"नेम त्येंचा. पोरगी माजी."

आयोजकांचा जो मुख्य होता त्याला नवऱ्याने समजावून सांगितलं. तो भला माणूस निघाला. आईच्या पाया पडला आणि म्हणाला, हरिहरेश्वरचं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पुढच्या वेळी फेरी दुसरीकडे संपवू. आई म्हणाली, "कशाला? गेलेल्यांना न्या की. जित्यांना दुसरीकडं न्या." नवरा कोरी पाठ घेऊन पुढे निघाला. संध्याकाळी तो पोचला तेव्हा कुणीतरी विचारलं म्हणे, तुमचं फडकं कुठे पडलं? तो म्हणाला, "पडलं नाही. सासूबाईंनी ठेवून घेतलं." ज्यांनी ऐकलं ते हसले, आणि ती पोरगी आपल्या आईच्या नावासकट समुद्रात गुडघाभर पाण्यात जाऊन बराच वेळ उभी होती. हे त्याने मला रात्री फोनवर सांगितलं. दमला होता, पण आवाजात वर्षभराने पहिल्यांदा तो पूर्वीचा माणूस होता.

मी मागेच राहिले होते. राहिले म्हणजे ठेवून घेतली गेले. सायकली गेल्या तशी आईने मला हाताला धरून परसातल्या न्हाणीत नेलं. मेल्याची बातमी आलेल्या माणसाला डोक्यावरून पाणी घालायचं असतं म्हणे. असा रिवाज मी आजवर कुठे ऐकलेला नाही. तिने तो उभ्याउभ्या काढला असावा. चुलीवर हंडा होताच, सायकलवाल्यांच्या पायांसाठी तापवलेला. "काढ," ती म्हणाली.

मी अंगावरचं काढायला कचरले. ऑपरेशननंतर मी नवऱ्यासमोरही कपडे बदलताना पाठ करते. अलिबागच्या घरातला मोरीतला आरसा मी स्वतः उतरवून माळ्यावर टाकला आहे.

"माज्यासमोर कसली लाज धरतेस? काढ."

मी काढलं. ती बघत राहिली. डावीकडे जिथे काही नाही, नुसती तिरपी शिवण आहे, तिथे. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण मला भीती होती तिथे काय दिसेल याची. तिने हात पुढे केला, शिवणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं, आणि म्हणाली, "बरी शिवलीन. दुखता?"

"नाही. बधिर आहे तिथे."

"बस."

मी पाटावर बसले. तिने डोक्यावर तांब्या ओतला आणि माझा इतके महिने धरून ठेवलेला बांध फुटला. डॉक्टरसमोर नाही, नवऱ्यासमोर नाही, कुणासमोरच मी रडले नव्हते. तिने थांबवलं नाही. "रड," म्हणाली, "मी पानी घालतेय. कोनाला कलनार न्हाय." आणि एकामागून एक तांबे ओतत राहिली. ऊन ऊन पाणी डोळ्यांवरून, खांद्यांवरून, शिवणीवरून जात होतं, आणि मी लहान पोरासारखी गळा काढून रडले.

कधीतरी माझं रडणं संपलं. पाणी मात्र थांबेना. मी म्हटलं, "आये, पुरे आता." ती थांबली नाही. मी डोळे पुसून वर बघितलं. तिचा हात हंड्यातून माझ्या डोक्यावर आणि डोक्यावरून हंड्यात सारखा फिरत होता, आणि तोंड भिंतीकडे होतं, आणि खांदे हलत होते.

मी उठून तिच्या हातातला तांब्या घेतला. तिला दंडाला धरून पाटावर बसवलं, लुगड्यासकट, आणि हंड्यात तांब्या बुडवून तिच्या डोक्यावर ओतला.

"माज्यावर कशाला गो?" ती म्हणाली. "मी काय मेले व्हते?"

मी तांब्या पुन्हा भरला.